फाटकापाशी न उगवलेला गहू

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मॅलीत पूर्वी गहू केवढा उंच असायचा हे मी सांगायला लागलो, की पबमधली माणसं आपापले ग्लास उचलून लांबच्या टेबलावर जाऊन बसतात. त्यांचं त्यांना लखलाभ. माझा थोरला मामा आठ घोडे जुंपून कापणीला गव्हात शिरला, तो नऊ घोडे घेऊन बाहेर आला. घोडी गाभण होती आणि पीक दाट होतं, एवढंच.

मग सत्तर सालच्या पुढेमागे बुटका गहू आला. वाऱ्याने लोळायचा नाही, आणि सगळा जीव काडात न घालवता ओंबीत घालायचा. बघता बघता अख्ख्या मॅलीची उंची कमरेच्या खाली आली. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. पदरचं घालतो तेव्हा ते जास्त पटण्यासारखं असतं.

आता डेस लिंडनरविषयी. डेस माझा शेजारी, म्हणजे आमच्या दोन घरांमध्ये चार मैल वाळू आणि एक मोडकं कुंपण. बायको वारली, मूलबाळ नाही, आणि बिनछपराच्या ट्रॅक्टरवर जन्म काढल्यामुळे दोन्ही कान गेलेले; यंत्र लावलं तरच ऐकू येतं. पलीकडची मोठी कंपनी त्याची जमीन खंडाने मागत होती. त्याच वर्षी त्याची पुतणी टेगन शहरातलं गव्हाचं संशोधन केंद्र सोडून आली आणि म्हणाली, काका, मी करते शेती.

डेस म्हणाला, "एक शेत देतो. करून दाखव. नाही जमलं, तर मे संपायच्या आत मी कंपनीला हो म्हणणार. मग रडायचं नाही."

"रडणार नाही. पण मी पावसाआधी पेरणार," टेगन म्हणाली.

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात थंड मटणाची सँडविचं खात होतो. डेसने खायचं थांबवलं. एप्रिल अर्धा झाला होता, आणि वरची वाळू इतकी कोरडी होती की सरडेसुद्धा पाय उचलून चालत होते. आमच्याकडे ॲन्झॅक दिनाच्या, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या आसपास पहिला पाऊस येतो, निदान यावा असं सगळ्यांचं म्हणणं असतं, आणि त्याच्या आधी शहाणा माणूस बी बाहेर काढत नाही.

"फेब्रुवारीतल्या वादळाचं पाणी खाली आहे, काका. मी उकरून बघितलं. पाच इंचांवर ओल आहे. तिथे बी टेकवायचं."

"पाच इंच. पेरणार आहेस की पुरणार आहेस?"

"आजोबा पेरायचेच ना एवढ्या खोल?"

"ते पेरायचे," डेस म्हणाला, आणि उठून उगाचच किटली भरायला गेला.

ती गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याच्यासमोर कोणी काढत नाही. डेस पंचविशीतला असताना म्हाताऱ्या लिंडनरने पहिल्यांदा पेरणी त्याच्या हातात दिली. वर्ष असंच कोरडं होतं. डेसने बापाच्याच पद्धतीने खोल पेरलं, फक्त बी बापाच्या उंच गव्हाचं नव्हे, नवीन, बुटक्या गव्हाचं. कोंब वर आलाच नाही. शेतभर इथे एक, तिथे एक, म्हाताऱ्याच्या दातांसारखं. बाप म्हणाला, "याला पेरता येत नाही." पुढे तो वारला, पण ते वाक्य मागे घेऊन वारला नाही. तेव्हापासून डेसचा नेम ठरला: दोन बोटांपेक्षा खोल नाही, आणि पावसाआधी नाही.

टेगन त्याच्या पाठीकडे बघून बोलत राहिली. "काका, ती तुमची चूक नव्हती. गव्हाच्या अंगात एक रस असतो. तो प्रत्येक पेशीला हाक मारतो, वाढ म्हणून. तुम्ही लावलेल्या बुटक्या गव्हातला जनुक पेशींना बहिरं करतो. काडाला हाक ऐकू येत नाही, म्हणून काड आखूड. पण पहिलं पान ज्या म्यानात बसून मातीतून वर येतं, ते म्यानही बहिरंच. तेही आखूड राहतं. ते अर्ध्या वाटेत संपतं आणि पान अंधारातच उघडतं."

"आणि तुझ्या या बियाण्याचं काय?"

"याच्यात जनुक वेगळा. कान शाबूत. फक्त काडात हाकच बारीक होते. म्हणून काड आखूड आणि म्यान लांब."

मी म्हणालो, "म्हणजे जुना बुटका गहू डेससारखा, आणि नवा डेसच्या कुत्र्यासारखा. कान उत्तम, पण घरी चल म्हटलं की काही ऐकू येत नाही."

"हर्ब, तू सँडविच खा," डेस म्हणाला. मग पुतणीकडे वळून, "माझी समजूत काढू नकोस, पोरी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची चूक आहे, ती माझी आहे, आणि मला तिची सवय झालीय. तुला पेरायचंय तिथे पेर."

तिने पेरलं. फाटकापासून सुरुवात केली, आणि पहिल्या पट्ट्यात मुद्दाम आमचं नेहमीचं बुटकं बी टाकलं, त्याच दिवशी, तेवढंच खोल, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल. पुढे वाळूचा उंचवटा आणि त्याच्या पलीकडे सगळं नवं बी. हे तिने रात्री जेवताना काकाला सांगितलंही. पण बातम्या लागल्या की डेस कानातलं यंत्र काढून ठेवतो. मी तिथे होतो. मला वाटलं, मान डोलावतोय म्हणजे ऐकतोय. त्यानंतर तिने तो विषय काढला की तो "उगवेल तेव्हा बघू" म्हणून उठून जायचा.

आमच्याकडे दुसऱ्याचं पीक गाडीच्या काचेतून बघतात. फाटकापाशी वेग कमी करायचा, एक नजर टाकायची, "हं" म्हणायचं आणि पुढे जायचं. अख्ख्या जिल्ह्याची अब्रू त्या एका "हं"वर ठरते. ॲन्झॅक दिन कोरडा गेला. मे उजाडला तरी आभाळात ढग नाही. डेस रोज फाटकापाशी वेग कमी करायचा, आणि फाटकापाशी नुसती वाळू.

एका सकाळी मी त्याच्या गाडीत बसलो होतो. तो फाटकापाशी थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "झालं. कंपनीचा माणूस आज धान्याच्या सायलोवर भेटणार आहे. त्याला सांगून मोकळा होतो."

"डेस, पलीकडे उगवलाय. उंचवट्याच्या पलीकडे. मी काल पाहिला."

"हो का. किती उंच आहे? घोडे हरवतील एवढा?"

"दोन बोटं आहे. देवाशपथ."

"देव तुला चांगला ओळखून आहे, हर्ब." त्याने गिअर टाकला.

आयुष्यभर कमावलेलं नाव असं ऐन वेळी उभं राहतं. मी खरं बोलत होतो आणि ते कवडीमोल होतं. तेव्हा ज्या धंद्यात हात बसलाय तोच करावा म्हटलं.

"बरं, राहिलं. पण तुझ्या मेंढ्या तिथे मागे कशा गेल्या?"

"कुठे मागे?"

"उंचवट्याच्या मागे. पन्नासेक असतील. कुंपण आडवं झालेलं दिसलं मला."

त्याने गाडी वळवली, फाटक उघडायला मला उतरवलं आणि मी परत चढायच्या आत वाळू चढायला लागला. मला मागच्या हौद्यात उडी मारावी लागली. या वयात.

वर पोचलो आणि त्याने इंजिन बंद केलं. पलीकडे उतारभर हिरव्या रेघा होत्या, सरळ, पार दूरच्या झाडांपर्यंत. मेंढ्यांबद्दल त्याने विचारलं नाही. खाली उतरला, गुडघे टेकले आणि खिशातल्या चाकूने एका रोपाच्या कडेने माती काढू लागला. कोरडी वाळू ढासळत होती, तो पुन्हा काढत होता. अखेर ओल लागली आणि ओलीत बसलेला दाणा. दाण्यापासून वर, पांढरं म्यान त्याच्या मधल्या बोटाहून लांब होतं. त्याने बोट शेजारी धरून बघितलं, मग दुसऱ्या रोपाशी, मग तिसऱ्या.

"मग फाटकापाशी काय आहे?"

"तिथे आपलं नेहमीचं बी आहे. पोरीने सांगितलं होतं तुला. तू बातम्या बघत होतास."

तो गाडी तिथेच सोडून उतार उतरला, फाटकापर्यंत चालत. मी मागोमाग. घरून गाडी उंचवट्यावर दिसली असावी, कारण आम्ही पोचेपर्यंत टेगन मोटरसायकलवर आली होती. डेसने पुन्हा चाकू काढला. सरळ पोटावर आडवा झाला आणि उकरू लागला.

गहू तिथेही होता. दाणा रुजला होता, मुळं चांगली धरली होती. म्यान अंगठ्याएवढं वाढून मातीतच फाटलं होतं आणि पिवळं पान बाहेर पडून, वर ढकलत ढकलत, पेटीच्या भात्यासारखं घड्या पडून बसलं होतं. त्याने अजून एक काढला. तोही तसाच. आणि त्याच्या शेजारचा.

"हा तर जिवंत आहे," डेस म्हणाला.

"अजून आहे. थोडे दिवस," टेगन म्हणाली.

"त्या वर्षी मी उकरून बघितलंच नाही. बाबा म्हणाले, पेरता येत नाही, आणि मी घरात गेलो." त्याने ते पान घडी उलगडून सरळ करायचा प्रयत्न केला, ते तुटलं. "हे बी त्यांनी पेरलं असतं तर?"

"तरी असंच झालं असतं, काका. कोणीही पेरलं असतं तरी."

"त्यांनी पेरलं असतं तरी," डेस म्हणाला. प्रश्न नव्हता तो. मी मुद्दाम लांबच्या झाडांकडे बघत होतो. मग त्याने उकरलेले खड्डे एकेक करून तळहाताने बुजवले, जणू कोणी झोपलंय तिथे.

सायलोवर आम्ही उशिरा पोचलो. कंपनीचा पोरगा घड्याळ बघत उभा होता. डेस गाडीतून उतरलासुद्धा नाही, काच खाली केली. "जमीन द्यायची नाही," म्हणाला. "घरात पेरणारी आहे."

पाऊस जूनमध्ये आला. फाटकापाशी टेगन नवं बी टाकणार होती, पण डेसने तो पट्टा स्वतःकडे मागून घेतला आणि नेहमीचंच बी, दोन बोटं खोल, स्वतः पेरलं. छान उगवलं. उशिराचं असल्यामुळे नोव्हेंबरात टेगनचा गहू सोनेरी झाला तरी त्याचा किंचित हिरवा होता. उंचीला मात्र दोन्ही सारखेच, मांडीला लागतील एवढे. गाड्या फाटकापाशी हळू व्हायच्या, माणसं "हं" म्हणायची आणि पुढे जायची.