व्यवस्थापिकेचं नाव

ब्रह्मा घाटावरच्या घरात सकाळची पूजा आटोपली होती. दत्तात्रेयशास्त्री ओसरीवर विद्यार्थ्यांना संथा देत होते. आतल्या खोलीत त्यांची सून मधुवंती नेहमीप्रमाणे संगणकापुढे बसली होती. काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूंसाठी तिने आणि नवरा केयूरने १९९८ साली वेबसाइट काढली होती. उतरण्याची सोय, विधी, सारं त्यावरून ठरे. पुढच्या माघात केयूर अचानक गेला. तेव्हापासून ती एकटीच साइट सांभाळत होती.

मोडेमने किरकिर करून फोन जोडला. तिने पासवर्ड टाकला. प्रवेश नाकारला. मोठी अक्षरं चालू नाहीत ना, ते पाहून एकेक कळ सावकाश दाबली. तेच उत्तर.

नगरच्या पद्माताई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आज यायच्या होत्या. मूलबाळ नाही, दीर-पुतण्यांनी पाठ फिरवलेली. 'विधी तुमच्याच हातून होतील,' असा शब्द मधुवंतीने दिला होता. गाडी कोणती, ते मात्र साइटवरच कळणार होतं.

तिने साइट ठेवणाऱ्या दिल्लीच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, पासवर्ड परसों आप ही के घर से बदला गया है," पलीकडचा माणूस म्हणाला. "नया पासवर्ड मालिक के ई-मेल पर ही जाएगा."

मालक म्हणजे केयूर. त्याच्या ई-मेलचा पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. विसरल्यास विचारण्यासाठी त्याने एक प्रश्न ठेवला होता: आवडता घाट कोणता? तिने दशाश्वमेध लिहिला, मग ब्रह्मा. दोन्ही चूक. लग्नाआधी त्याने तिला पहिली हाक मारली तो संकठा घाट तिला आठवला, आणि ई-मेलची पेटी उघडली. डोळे भरून आले, पण रडायला सवड नव्हती.

नव्या पासवर्डने ती साइटच्या आत शिरली. व्यवस्थापिका म्हणून असलेलं तिचं नाव गेलं होतं. तिथे धाकट्या दिराचं, नीलकंठचं होतं. पद्माताईंना त्याने कळवलं होतं, 'विधवेच्या हातून आमच्याकडे विधी होत नाहीत. येऊ नये.' खाली त्यांचं उत्तर: 'मनमाडहून महानगरी एक्स्प्रेसमध्ये बसते आहे. आता परत कुठे जाऊ?'

नीलकंठ दारातच उभा होता.

"भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

"वहिनी, जजमान लोक पूछताछ करतात. विधवेचं नाव बघून मुंजीवाले दुसरीकडे गेले. काम तुम्हीच करा ना, मना कोण करतंय? फक्त नाव माझं राहू दे."

"काम मी करायचं आणि तोंड लपवायचं? नाही जमणार."

त्याच्यादेखत तिने आपलं नाव पुन्हा घातलं आणि ओसरीवर आली.

"मामंजी, पुत्र नसेल तर पत्नीला अधिकार आहे, असं तुम्हीच शिकवता ना?"

शास्त्रीबुवांनी पोथीतून मान वर केली नाही. "शिकवणं निराळं, सूनबाई. रीत निराळी."

"यांच्या वेळी मला घाटावर पायसुद्धा ठेवू दिला नाहीत, तीही रीतच. आज मी एका बाईंना घेऊन येते आहे. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्या तोंडावर तुम्ही स्वतः म्हणा."

मधुवंती तशीच स्टेशनवर गेली.

पद्माताईंनी कापडात बांधलेला कलश पोटाशी धरला होता. रिक्षात त्यांनी हळूच विचारलं, "घरचे रागावतील ना गं?"

"रागावलेत," मधुवंती म्हणाली.

दारात नीलकंठ आडवा आला. "बाई, तुम्हाला कळवलं होतं."

पद्माताई पायरीवरच थबकल्या. शास्त्रीबुवा उठून आले. त्या कलशाकडे, मग सुनेच्या मोकळ्या कपाळाकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना जमलं नाही.

"नीलकंठ, बाजूला हो," ते म्हणाले. "यजमानांचं गोत्र सांगा, बाई."

पद्माताईंनी गोत्र सांगितलं आणि घाटावर विधी स्वतःच्या हातांनी केले.

त्या वर्षी शास्त्रीबुवांचे अनेक यजमान तुटले, आळीतली आमंत्रणंही थांबली. नीलकंठ वहिनीशी बोलेनासा झाला. साइटवर मात्र ठिकठिकाणच्या बायका विचारू लागल्या, 'आम्हालाही करता येईल का?' मधुवंती प्रत्येकीला उत्तर देते. त्यांना आजवर 'नाही' कोणी सांगितलं, ते वाचणाऱ्याने आपल्याच घरात शोधावं.