कारभारींच्या हातचं

हयातभर मी मालकाचं नाव तोंडानं घेतलं न्हाई. आता घेते, त्यांचं नावच कारभारी. आता आडवायला हायेत कुठं ते?

कुंभार पिंपळगावात लगीन ठरलं की वाजंत्र्याच्या आधी कारभारींना सैपाकाची सुपारी यायची. त्यांच्या हातच्या येसराच्या आमटीसाठी लोक वाकडी वाट करून यायचे. येसराचं धान्य अन् मसाला भाजायची-दळायची मी, पण फोडणी त्यांची. चुलीपाशी मला फिरकू देत नव्हते. तोरा काय कमी होता का त्या माणसाला?

दोन हजार आठ साली रक्त पडायला लागलं. मूळव्याध हाये म्हणून किती तरी दिवस काढे पेले. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी पुंजाराम गुरुजींनी हाताला धरून औरंगाबादला नेलं. गुरुजी बौद्धवाड्यातले, मालकांच्याच वर्गात शिकलेले. मीबी संगं गेल्ते.

डाक्टर तरणा होता, पण सबुरीनं बोलला. कॅन्सर हाये म्हणला. "गाठ संडासच्या जागेपासून दोन बोटांवर आहे. आधी किरणांचा शेक देऊ, मग दुर्बिणीनं ऑपरेशन करू. पोटावर बारीक छिद्रं पाडून लांब हत्यारांनी गाठ काढायची. पण गाठीबरोबर खालची जागाही जाईल. पोटाला कायमची पिशवी लागेल, संडास तिच्यात होईल."

मालकांनी जिवाचं इचारलं न्हाई. "पिशवीवाल्यानं सैपाक केला तर चालतो का?"

"चालतो की. हात स्वच्छ धुवायचे."

"तुमाला चालंल, डाक्टर. लोकाला?"



मंग माझा भाचा वसंता आला. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होता. देवापेक्षा मशीनवर त्याचा भरोसा. पेपर घेऊनच आल्ता. दिल्लीत रोबोट ऑपरेशन करतो म्हणे, केसाइतकंबी चुकत न्हाई. "मामा, तिथं जागा वाचंल. पिशवीची गरजच न्हाई." पेपरात पिशवीचं अक्षर नव्हतं, ते त्यानं पदरचं घातलं.

आमी परत डाक्टरकडं गेलो. त्यानं नीट समजावलं. "तिथंही छिद्रंच पाडतात. फक्त हत्यारं यंत्राच्या हातात असतात आणि डॉक्टर बाजूला बसून ते हात चालवतो. अरुंद जागेत थोडं सोपं जात असेल. पण हत्यार बदललं म्हणून गाठ वर सरकत नाही. पिशवी तिथंही लागेल. वेळ घालवू नका."

मला पटलं. पळी पितळेची घ्या का स्टीलची, करपलेलं वरण करपलेलंच. पण बाहेर आल्यावर वसंता म्हणला, "याच्याकडं मशीन न्हाई म्हणून बोलून राह्यला." झालं. मालकांच्या मनात तेच बसलं.

दिल्लीचा नंबर लगनसराई उरकल्यावरचा घेतला. तवर मालक रक्त टिपायला लुगड्याच्या घड्या आत घालून चुलीपुढं बसायचे. उठताना भिंत धरायचे. मी चिडून म्हणायची, मरायचंय का तुमाला? ते म्हणायचे, "रोबोट हाये ना."

एक दिवस गुरुजी आले. ओट्यावर बसले अन् सरळच म्हणले, "कारभारी, लोक हातचं खात न्हाईत म्हणून माणूस मरत न्हाई. मी मेलो का?"

मालकांनी मान खाली घातली. याच गावच्या पंगतीत गुरुजींच्या बापाला लांब बसवून वरून वाढलेलं दोघांनीबी बघितलं होतं. च्यापाणी न घेताच गुरुजी गेले.

त्या राती मी म्हणलं, "मी खाईन की तुमच्या हातचं. पिशवी मी धुवीन."

"तू बायको. तू खाशीलच. तुझं काय मोजायचं?"

उन्हाळा सरता सरता सचखंड गाडीनं दिल्लीला गेलो. तिथल्या डाक्टरनं फोटो उजेडाला धरले. रोग लिव्हरमंदी उतरला होता. आता दुर्बीणबी न्हाई अन् रोबोटबी न्हाई, घरी न्या म्हणला. वसंतानं पिशवीचं इचारलं. डाक्टर म्हणला, "वो तो यहाँ भी लगती." वसंता खिडकीकडं तोंड करून रडला. मला त्याची दया आली न्हाई.

पोळ्याच्या आधीच मालक गेले. पोटावर चिरा न्हाई, छिद्र न्हाई, पिशवी न्हाई. जसं पाहिजे होतं तसं धड अंग घेऊन सरणावर गेले.

तेराव्याला शहागडचा आचारी आणला. पंगत बसली. कुणीतरी म्हणलं, कारभारींच्या हातची चव न्हाई. मंग सगळेच म्हणायला लागले. मी वाढत होते. माझं डोकंच फिरलं. आमटीची बादली खाली ठेवली अन् इचारलं, "पोटाला पिशवी लावून ते चुलीपुढं बसले असते, तर खाल्लं असतं का त्यांच्या हातचं?"

जो तो आपल्या पत्रावळीत बघू लागला. म्हंजे मालकांचं बराबर होतं. हेच मला लई लागलं.

गुरुजींनी तेवढं वर बघितलं. "मी खाल्लं असतं, वैनी."

मी त्यांना आमटी वाढली. थोडी खाली सांडली.

"गुरुजी," मी म्हणलं, "तुमचं अन् माझं त्यांनी मोजलंच न्हाई."