पाचवा 'का'

माझी पोरगी माझ्याच हातात आली की रडते, हे मी बरेच दिवस मान्य केलं नव्हतं. लेकरं रडतातच, असं म्हणून मी ते उडवून लावायचो. मग अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या. त्यांनी तिला कापडाच्या झोळीत घालून काट्याला लटकवलं, तरी ती गप्प. झोळीतून काढून माझ्याकडे दिली आणि तिने टाहो फोडला. आशाताईंनी वहीत वजन लिहिता लिहिता माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला लागलं.

सासूबाईंनी माझी बाजू घेतली. "पोट दुखत असंल लेकराचं," असं म्हणत त्यांनी तिला उचललं. पोटदुखी तिथल्या तिथे थांबली.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. मी अकरा वर्षं म्हाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. गाडीच्या दरवाजाचे आतले पत्रे आम्ही दाबतो. बायकोला, वर्षालीला, सातव्या महिन्यात बी.पी.चा त्रास सुरू झाला, म्हणून तिला माहेरी न पाठवता तिच्या आईला, म्हणजे कुसुमताईंना, इकडेच बोलावून घेतलं. मेदनकरवाडीत शालनबाईंच्या घरावर आमच्या दोन खोल्या. एका खोलीत ओव्याची धुरी, शेकाची शेगडी, वाळत घातलेले लंगोट आणि दोन बायका. दुसऱ्या खोलीत मी. पहिली शिफ्ट करून चार वाजता यायचं, अंघोळ करायची आणि पोरीला मागायचं, एवढाच माझा त्या घरातला कार्यक्रम. ती रडायची आणि कार्यक्रम दोन मिनिटांत संपायचा.

आता माझा स्वभाव सांगतो. मला कारण न कळलेली गोष्ट पचत नाही. कंपनीत एकदा पत्र्याला कोपऱ्यात तडे जायला लागले होते. सगळे म्हणाले माल खराब आहे. मी तीन आठवडे मागे लागून शोधलं, की तेलाच्या पिंपाचं झाकण उघडं राहतंय आणि तेलात पाणी जातंय. आमच्याकडे त्याची रीत आहे. खोट सापडली की 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्याला पुन्हा 'का'. असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला मूळ सापडतं, आणि बहुतेक वेळा ते कुणालाच नको असतं. आमच्या क्वालिटीचा ओंकार म्हणतो, "नवनाथभाऊ, तुम्ही देवालापण पाच वेळा का विचाराल." मी म्हणतो, विचारीन की.

तर आशाताई गेल्यावर मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि लिहिलं, 'पोरगी माझ्याकडे रडते. का?'

पहिला संशय वासावर. प्रेसचं तेल कातडीत मुरतं, कितीही घासा. मी बेसन लावून अंघोळ केली, सासूबाईंनी लंगोटांबरोबर धुतलेला सदरा घातला आणि तिला घेतलं. रडली. दुसरा संशय मिशीवर. ही मिशी मी बारावीपासून ठेवलेली. ती उतरवून मी आरशात बघितलं तर माझा धाकटा चुलतभाऊ उभा होता. जिन्यात शालनबाई भेटल्या. कपाळावर हात धरून त्या म्हणाल्या, "आरं, कोण गेलं रं घरात?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, प्रयोग चाललाय. त्यांनी मान हलवली आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. वर येऊन पोरीला घेतलं. रडली.

मग धरण्याची पद्धत. सासूबाईंचा डावा हात मानेखाली कसा जातो, कोपर कुठे टेकतं, ते मी चार दिवस पाहिलं आणि उशीवर सराव केला. वर्षाली हसून हसून बेजार झाली आणि टाके दुखतात म्हणून माझ्यावरच चिडली. जागा बदलून पाहिली, वेळ बदलून पाहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी कटाक्षाने पाळला. पानावर फुल्या वाढत गेल्या.

वर्षाली एकदा म्हणाली, "अहो, ती काय पत्रा आहे का? मोठी झाली की येईल तुमच्याकडे."

"कधी येईल? का येईल?" मी विचारलं. तिने कूस बदलली.

बोलायला मी त्याला प्रयोग म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. माझे वडील साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत असायचे, सहा सहा महिने बाहेर. ते आले की मी आईच्या मागे लपायचो. त्यांना ते दिसायचं आणि ते बाहेर जाऊन बसायचे. माझी पोरगी रोज चार वाजता मला तसंच बाहेर बसवत होती, आणि मी तर रोज घरी येणारा माणूस होतो.

त्यात माझी अक्कलदाढ उठली. सुट्टी टाकून तळेगाव चौकातल्या डॉक्टरकडे ती काढून घेतली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून सांगितलं, तासभर तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. घरी आलो तर वर्षाली अंघोळीला गेलेली आणि सासूबाईंचे हात कणकेत. पोरगी कुरकुरायला लागली. मी खुणेनेच विचारलं आणि तिला उचललं.

ती रडली नाही.

मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती माझ्या बिनमिशीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एकदा तिने जांभई दिली. इतक्या जवळून मी तिची जांभई कधी बघितली नव्हती, कारण माझ्याकडे तिचं तोंड उघडायचं ते रडायलाच. पाऊण तास ती माझ्याकडे होती. वर्षाली केस पुसत आली आणि दारातच थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला वाटलं दाढ दुखतेय.

चांगला पीस आणि खराब पीस शेजारी ठेवून फरक शोधायचा, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आज काय वेगळं होतं? मला वाटलं औषधाचा वास. बोळा काढून टाकला आणि वर्षालीला म्हणालो, "बघ, झोपायला लागली."

पोरगी जागच्या जागी दचकली, दोन्ही हात उडाले आणि किंकाळी आली.

"माझा आवाज," मी म्हणालो. "आवाजाला घाबरते ती. पण माझ्या आवाजात काय आहे?"

वर्षालीने पोरीला घेतलं. "ओरडता तुम्ही."

"मी कुठे ओरडतो?"

"आत्ता ओरडलात."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या परातीतल्या कणकेला फार मन लावून मळायला लागल्या होत्या. मी म्हटलं, मामी, खरं सांगा. त्या म्हणाल्या, "जावयाला कसं म्हणावं बाई. जरा मोठ्यानं असतंय तुमचं."

बायको आणि सासू एका पक्षाच्या, म्हणून मी तिसरा माणूस गाठला. खाली शालनबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना विचारलं, मी मोठ्याने बोलतो का. त्या म्हणाल्या, "व्हय की. खोली बघाय आलतास तवापासनं. आमी म्हनायचो, ह्यांच्या मुलखात असंच बोलत्यात. पर तुझी सासू आली आन् ती तर हळू बोलती."

म्हणजे पहिल्या 'का'चं उत्तर मिळालं, आवाज. दुसऱ्याचंही मिळालं, मोठा आवाज. मोठा का, तर शॉपमध्ये अकरा वर्षं ओरडूनच बोलतोय, सवय लागली. इथे मी थांबलो. सवय म्हटलं की उपायही सोपा होता, हळू बोलायचं. मी खूश होऊन जिना चढलो.

दोन दिवस मी हळू बोललो. माझ्या मते हळू. पोरगी रडतच राहिली, आणि वर्षाली दर वाक्याला हात खाली करून 'अजून, अजून' अशी खूण करत राहिली. तिच्या खुणेपर्यंत खाली आलो तर माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मी म्हटलं, एवढं हळू कोण बोलतं? ती म्हणाली, "आम्ही सगळे."

तिसऱ्या दिवशी साडेचारची वेळ होती. पोरगी दूध पिऊन गोधडीवर पडली होती आणि दोघी मायलेकी तिच्यावर वाकल्या होत्या. सासूबाईंनी मला हाताने बोलावलं. "या, या. हुंकार द्यायलीय बघा."

हा हुंकार आठवडाभर घरात गाजत होता. दूध प्यायली की ती म्हणे आपल्याशीच बोलते. रोज त्या मला सांगायच्या आणि मी रोज "हो हो, ऐकलं" म्हणायचो. मला वाटायचं, आज्यांना आणि आयांना असं काहीबाही ऐकू येतच असतं, आपण हो म्हणावं. त्या दिवशी मात्र डोक्यात चौथा 'का' अडकलेला होता. मी हो म्हणालो नाही. गोधडीशेजारी बसलो. काहीच ऐकू आलं नाही. उठून पंखा बंद केला. तरीही नाही. मग पालथा होऊन तिच्या तोंडापाशी कान नेला आणि तिरक्या नजरेने बघितलं. तिचे ओठ गोल होत होते. गळा हलत होता. सासूबाई प्रत्येक वेळी हसत होत्या, नेमक्या ओठ गोल झाले की. त्या खोलीत एक आवाज होता. तो सगळ्यांना येत होता आणि मला येत नव्हता.

हळू बोलता का येत नाही, हा चौथा, तर मला माझाच आवाज ऐकू येत नाही. तो का येत नाही, हा पाचवा. त्याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही, कारण ते मी लपवून ठेवलेलं होतं.

कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी होते. हेडफोन लावायचा, आत शिट्टी वाजली की हातातलं बटण दाबायचं. चार वर्षांपूर्वी मला बऱ्याच शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. पण सिस्टरच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात तिचा हात दिसायचा. तिचं बोट हललं की मी बटण दाबायचो. चार वर्षं मी पास. कानात घालायचे बोळे कंपनी देते, ते मी दोरीने गळ्यात अडकवून ठेवायचो. प्रेसचा आवाज ऐकून डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, नीट बसली की नाही ते सांगणारा माणूस अशी माझी ख्याती होती, आणि बोळे घालून ती ख्याती राहिली नसती. नापास झालो असतो तर प्रेसवरून काढलं असतं. शेवटी शेवटी तर मी डायचा आवाज पायाखालच्या थरथरीवरून सांगत होतो आणि लोक माझ्या कानाचं कौतुक करत होते.

"देतेय का अजून?" मी विचारलं.

"काय?"

"हुंकार. मला येत नाही ऐकू, वर्षाली. कधीच आला नाही. मी नुसता हो म्हणायचो."

तिला पटायला थोडा वेळ लागला. मग मी कपाटाच्या काचेचंही सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती खूप वेळ पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली, ते सारखंच होतं. सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

सोमवारी मी स्वतःहून कंपनीच्या दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाली, तुमची तपासणी जूनमध्ये झालीय. मी म्हटलं, पुन्हा करा, आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. समोर पांढरा रंग होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मी दोनदा बटण दाबलं, ते आशेवर. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपा, कानाच्या मशीनचं बघू. आठवडाभरात मला स्टोअरला टाकलं. प्रेस शॉपच्या दारावरून जाताना अजूनही पाय आपोआप हळू होतात. तिथे आता दुसऱ्याचं ऐकतात.

घरी मात्र चार वाजताचा कार्यक्रम लांबला. मी बोलत नाही आणि ती रडत नाही. परवा ती माझ्या मांडीवर होती, दूध पिऊन तृप्त, आणि वर्षाली समोर मेथी निवडत बसली होती. ओठ गोल झाल्यासारखे वाटले. नुसते ओठ हलले की आवाजही आला, मला कळेना. मी भुवया उंचावून वर्षालीला विचारलं.

"देतेय!" मला ऐकू यावं म्हणून ती इतक्या जोरात म्हणाली की पोरगी दचकली आणि रडायला लागली. आम्ही दोघंही हसलो. मग ती गप्प होईपर्यंत दोघंही गप्प बसलो.

थोड्या वेळाने ओठ पुन्हा हलले. वर्षालीने मेथीची काडी खाली ठेवली आणि काही न बोलता एक बोट वर केलं. मग खाली घेतलं. मग पुन्हा वर केलं, या वेळी जरा जास्त वेळ. पोरगी माझ्याशी बोलत होती. मी वर्षालीच्या बोटाकडे बघत तिचं सगळं ऐकून घेतलं.