मधल्या दारातला स्टिरिओ

रविवारी सकाळी साडेसातला सांगवीत कोकऱ्यांच्या दारात विटांची ट्रॉली रिकामी झाली. दोन भावांच्या घरांमधलं दार बुजवायचं होतं. हट्ट धाकट्या भावाच्या बायकोचा, अनिताचा. कारण रेडिओ.

साल १९९७. सगळ्याची वाटणी झाल्यावरही थोरला महिपती आणि धाकटा अविराज यांनी एक वस्तू भागीत घेतली: एफएमचा स्टिरिओ सेट, दोन सुट्या स्पीकरचा. पुणं लागावं म्हणून बांबूवर एरियल चढवली. सेट आणि स्पीकरचा एक डबा थोरल्याकडं. दुसरा डबा, भिंतीतून वायर नेऊन, धाकट्याकडं. दोन डबे दोन घरांसाठीच असतात, यात कुणाला शंका आली नाही.

मागल्या रविवारी शेतीच्या कार्यक्रमात टोमॅटोच्या करप्यावरचं औषध सांगितलं. थोरल्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं ते मारलं, तिचा प्लॉट तगला. अनिताचा अर्धा जळाला.

"नाव ऐकलं आन् दाबून ठिवलं," असं अनिता गल्लीभर बोलली.

द्वारकाबाईला ते झोंबलं. रेडिओ दोघींकडं सारखाच बोलतो. हिनं कान दिला नसेल तर आपला काय दोष? आठला कार्यक्रम लागला, तशी ती तरातरा मधल्या दारातून अनिताच्या चुलीपाशी गेली.

"आज तुज्यासंगं ऐकते. बघू कोण काय दाबतंय."

"ऐका की, अक्का. सेट तुमचा, कान बी तुमचंच."

डब्यातून निवेदिका म्हणाली, "फळं तडकतात, त्यावर उपाय काय?" मग नुसती खरखर. बऱ्याच वेळानं, "अच्छा! आणि पाणी किती द्यावं?" पुन्हा खरखर.

"बाई एकलीच बोलतीया व्हय?"

"दर खेपेला असंच. मला वाटायचं, मधनंच तुमी आवाज बंद करताय."

द्वारकाबाई माघारी वळली आणि दारातच थबकली. एका कानात प्रश्न येत होता, दुसऱ्यात उत्तर. कार्यक्रमवाल्यांनी स्टिरिओच्या हौसेनं विचारणारीला एका बाजूला आणि शेतीतज्ज्ञाला दुसऱ्या बाजूला बसवलं होतं.

"अनिता, हितं ये. उंबऱ्यावर उभी ऱ्हा."

अनिता पिठाच्या हातांनी आली. दार अरुंद, दोघी खांद्याला खांदा घासत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हंजी सायेब तुमच्या वाटणीला," अनिता म्हणाली, "आन् बडबडी माज्या."

द्वारकाबाईला हसू फुटलं. अनिता हसली नाही.

"हसू नका. माजा प्लॉट गेला त्यो गेलाच. पुढल्या रविवारी डबं बदलायचं."

"आन् दार?"

अनिता हात धुवायला निघून गेली.

सोमवारी संध्याकाळी अविराज एमआयडीसीतल्या डेअरीतून मोटारसायकलवर घरी आला, तेव्हा विटा होत्या तिथंच होत्या. गवंडी मंगळवारी यायचा आहे. त्याला येऊ नको म्हणून अजून कुणी कळवलेलं नाही.