आठवा ठोका

बँडमधल्या चौघांपैकी तिघांना टूरची बातमी ऐकून आनंद झाला. चौथ्याला, म्हणजे ड्रमवाल्या दणक्याला, तो झाला नाही, आणि हे कोणाला दिसू नये म्हणून त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

बातमी नाचण्यासारखीच होती. एक महिना, एकोणीस शहरं, तीन देश. ज्या बँडच्या गाण्यांवर हे चौघे वाढले, त्याच बँडच्या आधी रोज पाऊण तास यांनी वाजवायचं. टूर ठरवणाऱ्या बाईंची अट एकच होती: शेवटी 'भोवरा' वाजलाच पाहिजे. 'भोवरा' हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. त्याची शेवटची चार मिनिटं ड्रमवाला दोन पायांखालच्या दोन पेडलांनी मोठा ड्रम अखंड बडवत असतो, शिवणयंत्र चालावं तसा. तीन वर्षांपूर्वी दणक्याने ते इतक्या सफाईने वाजवलं होतं की हे माणसाने वाजवलंय की मशीनने, यावर लोकांनी पैजा लावल्या, आणि पुढे सहा महिने हा गडी कॉलर ताठ करून फिरत होता.

आता त्याचा उजवा पाय ते वाजवत नव्हता. ही गोष्ट त्याला आणि एका डॉक्टरला सोडून कोणालाही माहीत नव्हती.

हे लोक प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवत. म्हणजे काय, असं विचारलं की गिटारवाला मास्तर तासभर सांगे आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीही पडत नसे. सोपं करून सांगायचं तर मेटलचा गडगडाट, पण गणिताच्या वहीत मांडलेला: वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारा वेग, आणि चाराच्या सरळ मोजणीऐवजी कुठे पाच, कुठे सात, कुठे अकरा. गाणी लिहायचा मास्तर. तो काही खरा मास्तर नव्हता, वजनकाटे दुरुस्त करायचा. पण तालमीला चौकटीची वही आणि लाल पेन घेऊन बसायचा, म्हणून मास्तर. बास गिटार वाजवणारा मुनी आठवड्यातून चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन चहाबद्दल. गायची दणक्याची ताई. घसा फाटेस्तोवर ओरडता ओरडता ती मध्येच असं काही मऊ गायला लागे की अंगावर काटा यावा.

तालीम चालायची एका गादीवाल्याच्या गोदामात. चारही भिंतींना गाद्या टेकवलेल्या असल्यामुळे आवाज बाहेर जात नसे. दुकानात सेल लागला की गाद्या संपत आणि गोदाम घुमायला लागे. मग मास्तर मालकाला "धंदा जरा बेताने करा" असं सांगून यायचा.

गडबड सुरू झाली ती दोन वर्षांपूर्वी, याच गोदामात. एका नव्या गाण्याची आठ मात्रांची चाल बसवत होते. आठव्या ठोक्याला दणक्याच्या उजव्या पायाची बोटं आपोआप आखडली, टाच अधांतरी राहिली आणि ठोका पडलाच नाही. चूक झाकायला त्याने तिथूनच पुढची ओळ उचलली. एकदा झालं, दोनदा झालं, चौथ्यांदा मास्तरने गिटार थांबवली. आता बोलणी बसणार म्हणून दणक्याने मान खाली घातली.

"हे काय केलंस?"

"काही नाही."

"काही नाही कसं? सातवरच उडी मारलीस. आठवा येणार येणार म्हणून माणूस पाय टाकतो, आणि खाली पायरीच नाही. अरे, वर्षभर हेच शोधत होतो मी."

खरं बोलायची वेळ तीच होती. पण मास्तर आयुष्यात कोणाला चांगलं म्हणत नसे, आणि दणक्या कौतुकाचा हावरा. "सुचलं आपलं," तो म्हणाला.

या दोन शब्दांवर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. त्या गाण्याचं नाव मास्तरने 'उणे एक' ठेवलं आणि ते बावीस मिनिटांचं केलं. पुढे पाय जिथे जिथे अडे, तिथे तिथे दणक्या नवी मोजणी काढी आणि मास्तर ती लाल पेनाने वहीत उतरवून घेई. दुसरा अल्बम असाच तयार झाला. जाणकारांनी तो डोक्यावर घेतला. मुलाखतीत विचारायचे, तुमच्यावर कोणाचा प्रभाव? मास्तर जुन्या बँडपासून सुरुवात करून चर्चमधल्या ऑर्गनवर जाई आणि वजनकाट्याच्या हलत्या काट्यापाशी येऊन थांबे. ताई म्हणे, "आईच्या ओरडण्याचा." मुनी म्हणे, "आहे थोडा." दणक्या नुसता हसे. या अल्बमवर सगळ्यांत जास्त प्रभाव माझ्या आखडलेल्या बोटांचा आहे, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार?

दिवसा तो चष्म्याची भिंगं घासून फ्रेमच्या मापात बसवायचं काम करी. एका दुपारी रजा टाकून तो डॉक्टरकडे गेला.

"चालताना त्रास होतो?"

"नाही."

"जिना चढताना?"

"नाही. फक्त पेडलवर."

डॉक्टरांनी पाय उलटासुलटा करून पाहिला, सुया टोचल्या, पडद्यावर रेघा काढणारं यंत्र लावलं. "पाय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "एकच हालचाल तुम्ही लाखो वेळा केलीत. मेंदूत तिची जी खूण असते ना, ती फिसकटलीय. सराव वाढवाल तेवढं बिघडत जाईल."

गेले सात महिने दणक्या रोज कामावर जाण्याआधी दोन तास सराव वाढवत होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो रडला, नाक पुसलं आणि परत भिंगं घासायला गेला.

आणि आता ही टूर. बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी ताईने शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला, कारण वर्ष चालू असताना महिन्याची रजा मिळेना. "अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडले," ती म्हणाली. "आता स्वतःसाठी ओरडते." बोलताना तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. दणक्याचा पहिला ड्रम तिच्या पहिल्या पगारातून आला होता. आता सांगावं तर ताईची नोकरीही गेली आणि टूरही गेली. न सांगावं तर एकोणीस शहरांत तोंडावर आपटायचं. दणक्याने तिसरी वाट शोधली, आणि ती या दोन्हींपेक्षा वाईट होती.

कार्यक्रमात चौघांच्याही कानात एक टिकटिक चालू असे, वेग चुकू नये म्हणून. ती दणक्याच्या लॅपटॉपवरून यायची. 'भोवरा'च्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याने स्वतःच्या पायांचे ठोके तेवढे वेगळे काढले आणि त्या टिकटिकीला जोडून स्पीकरवर सोडले. पेडलचे हातोडे ड्रमला लागणार नाहीत इतके मागे ओढून बसवले. आता पाय नुसते हलवायचे, बाकी सगळं लॅपटॉप बघून घेणार. शेवटी ठोके आपलेच आहेत, फक्त तीन वर्षांपूर्वीचे, असं त्याने स्वतःला समजावलं. स्वतःला समजावताना माणसाला पुरावे कमी पडत नाहीत.

टूरला बारा दिवस उरले असताना, रविवारी दुपारी, त्यांनी गोदामात पूर्ण कार्यक्रम वाजवून पाहिला. शेवटी 'भोवरा'. ठोके सुरू झाले. स्वच्छ, एकसारखे, धडाधड. मुनीने मान डोलावली. मास्तर चक्क हसला. ताई तालमीला नेहमी ड्रमकडे तोंड करून उभी राहायची. ती गाता गाता दणक्याच्या गुडघ्यांकडे पाहत राहिली. सवयीच्या माणसाला लगेच कळतं. गुडघे एका वेगाने हलत होते आणि आवाज दुसऱ्याच वेगाने येत होता.

तिने गाणं थांबवून हात वर केला. मास्तर थांबला, मुनी थांबला, दणक्यानेही दोन्ही काठ्या वर उचलल्या.

ठोके चालूच राहिले.

दणक्या लॅपटॉपकडे धावला, पण घाईत बटण सापडेना. स्टुलावर कोणी नव्हतं आणि मोठा ड्रम बडवला जात होता. चांगलं अर्धं मिनिट तो आवाज तिघांनी ऐकला. मग ताईनेच पुढे होऊन लॅपटॉप मिटला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. पाय, डॉक्टर, सराव. सांगून मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"'उणे एक'सुद्धा?" मास्तरने विचारलं.

"ते पहिलं."

मास्तरने वही उघडली, दोन-चार पानं चाळली आणि बंद केली. "म्हणजे तुझी चूक मी सुवाच्य अक्षरात लिहून काढली," तो म्हणाला. त्याचा चेहरा कानशिलात बसल्यासारखा झाला होता. दणक्याला त्याची दया आली, आणि आपली लाज वाटली.

"मला तरी सांगायचंस," ताई म्हणाली.

"तू राजीनामा दिला होतास, ताई."

"तो मागच्या महिन्यात दिला. त्याआधी दोन वर्षं होती."

मग मुनी बोलला. "दुसरा ड्रमवाला बघावा लागेल." त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पण बरोबर तेच होतं, आणि ते कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

दुसऱ्याच दिवशी एक मुलगी मिळाली. बेकरीत काम करायची, दुपारी मोकळी असायची, आणि तिचे पाय दणक्याच्या जुन्या पायांसारखे होते. 'भोवरा' तिने दोन दिवसांत बसवला. 'उणे एक' मात्र काही केल्या होईना. सात मात्रा ती चोख मोजायची; पण ती पायरी चुकल्यासारखी धडकी भरायची नाही. मास्तरने वहीतून समजावलं, लाल पेनाने बाण काढून दाखवले. शेवटी दणक्याला बोलवायला ताई स्वतः त्याच्या घरी आली.

"तुला नको असेल तर राहू दे," ती म्हणाली.

त्याला नकोच होतं. तो गेला.

"सात मोजू नकोस," त्याने बेकरीवालीला सांगितलं. "आठच मोज. आठवा मारायचाच आहे, असं मनापासून धर. आणि अगदी शेवटी पाय अडव."

"अडवू कशाने?"

दणक्याने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "मी अडवत नव्हतो. मला भीती वाटायची, या वेळी पडतोय की नाही पडतोय. तेवढ्यात गेलेला असायचा."

तिने हसण्यावारी नेलं नाही. तीन दुपारी दोघं गोदामात बसले. ती वाजवायची, तो बाजूला उभा राहून "नाही, हे मोजलंस" म्हणायचा. तिसऱ्या दुपारी तो तसं म्हणायचं विसरला, आणि मग आपण विसरलो नाही, म्हणायची गरजच पडली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

टूरच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्खं 'उणे एक' वाजवलं. दणक्या दाराशी, गाद्यांना टेकून उभा होता. ताई ड्रमकडे तोंड करून गात होती. पूर्वी आठव्याची जागा आली की ती दणक्याकडे पाहायची आणि श्वास घ्यायची. आता तिने बेकरीवालीकडे पाहून श्वास घेतला. चुकू दे, दणक्याच्या मनात आलं. एकदा, कुठेतरी, थोडंसं. एवढा हलकट विचार आपण करू शकतो याचं त्याला वाईटही वाटलं, पण तो मनातून काही जाईना. पुढची जागा आली, त्याच्या पुढची आली. बावीस मिनिटं तो वाट पाहत राहिला, आणि गाणं कुठेच अडलं नाही.

ताई घाम पुसत त्याच्यापाशी आली. गाणं संपल्यावर त्याला विचारायची तिला लहानपणापासूनची सवय.

"कसं झालं?"

"माझ्यापेक्षा चांगलं," तो म्हणाला, आणि ती नाही म्हणेल म्हणून थांबला.

ताई त्याला कधीच खोटं सांगत नसे. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.