अर्धं राहिलेलं आख्यान

दर रविवारी सकाळी नऊला समता कॉलनीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये भार्गव सर कीर्तन शिकवत. आठवडाभर शाळेत गणित आणि रविवारी हे, असं अकरा वर्षं चाललं होतं. गणितानं पोट भरे, मन मात्र रविवारी भरे. विद्यार्थी आठ, सगळे कॉलेजातले. गाव हिंदी मुलखातलं, म्हणून मराठी समजणारे, पण उत्तर हिंदीत देणारे. पण अभंगाला तोंड फुटलं की जीभ आपोआप मराठी होई, ही देवाचीच कृपा.

सरांचा पहिला धडा असा की, गादी म्हणजे दोन हात सतरंजी असली, तरी तिच्यावर उभा राहिलेला माणूस खोटं बोलत नाही. आणि शेवटी सगळ्यांनी गादीवरच्याला वाकून नमस्कार करायचा, मग तो वयानं लहान का असेना. त्याशिवाय वर्ग सुटत नाही.

त्या रविवारी सत्यवचनी राजाचं आख्यान चाललं होतं. राजानं राज्य सोडलं पण शब्द सोडला नाही, इथवर सर आले आणि गंधालीनं हात वर केला.

"सर, आईनं विचारायला सांगितलंय. अभनपुरवाली मौसी के रिश्ते के लिए. तुम्ही लग्न काहून नाही करून राहिले?"

गंधालीची आई पद्मजाताई मंडळाच्या सचिव. त्यांच्या मनात आलं तर पुढच्या रविवारी हॉलला कुलूप, आणि सरांचं कीर्तन संपलं.

या प्रश्नाला सरांची तीन उत्तरं कायम तयार असत: पत्रिका जुळत नाही, आईची तब्येत, आणि पाहू. तिन्ही त्यांनी साध्या फरशीवर उभं राहून दिलेली. आज पाय गादीवर होते.

"मला पुरुष आवडतात," सर म्हणाले. "माझ्या घरी राहतो तो सुशील भाडेकरू नाही. नऊ वर्षं आम्ही संसार करतो आहोत."

गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. निवेदिताचा हात पेटीच्या भात्यावरून सुटला, आणि एक स्वर रेंगाळत रेंगाळत विझला.

"मतलब मंडळाच्या जेवणाला तुम्ही आणता ती कढी..." वरद म्हणाला.

"त्याचीच."

"मुझे लगा ही था. सर से तो चाय भी नहीं बनती."

आता ही मुलं, मनात नसताना, आपल्यापुढे वाकणार, हे सरांना सोसेना. बळजोरी नको म्हणून ते गादीवरून उतरले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

झालं, मोठाच पेच पडला. गादी रिकामी, तर नमस्कार कुणाला? नमस्कार नाही, तर वर्ग सुटला कसा? आठही जण बसून राहिले. सर बाहेरच्या स्कूटर पाहत राहिले. साडेदहाचे पावणेअकरा झाले.

शेवटी वरद म्हणाला, "सर, ऊपर आइए ना. ग्यारह बजे मेरी कोचिंग है."

सर गादीवर आले. सात जणांनी नमस्कार केला. यशोधननं तबल्यावर खोळ चढवली, गाठ मारली, आणि तो न वाकता निघून गेला.

संध्याकाळी पद्मजाताईंचा फोन आला. सरांनी तो उभ्यानंच घेतला.

"भार्गव सर, मी काय ऐकून राहिली? तुम्ही गादीवरून मधातच उतरले म्हणे?"

"हो."

"आख्यान अर्धं टाकून? राजा बिचारा राज्य सोडून रस्त्यावर उभा, आणि तुम्ही खिडकीत?"

"चुकलं, ताई."

"माझ्या सासऱ्यांच्या कीर्तनात साप निघाला होता. नाही उतरले."

"आणि ते दुसरं?" त्यांनीच विचारलं.

"ते समजायले मले वेळ लागेल. अभनपुरले कळवते मी. तीनदा चहाले येऊन गेले ते लोक, तेव्हाच बोलायचं नं!" मग आवाज खाली आला. "यशोधनच्या बाबांचा फोन होता. तो येणार नाही. वर्गच बंद करा म्हणत होते."

"मग?"

"मी म्हटलं, आख्यान अर्धं आहे. अर्ध्यात बंद नाही करत. आणि ते झालं की दुसरं आख्यान लावा तुम्ही."

पुढच्या रविवारी सात जण आले. तबला नव्हता. निवेदिताची पेटी पुढे धावली, गंधालीचे टाळ मागे राहिले, आणि अभंगाची पार दैना झाली. सरांनी दोघींना गादीवरूनच खडसावलं आणि पहिल्यापासून घ्यायला लावलं. मनात मात्र त्यांना यशोधन फार हवा होता. पोराचा हात खरंच गोड होता.