पालीचा माग

"साप व्हता म्हणत्यात, मावशी. आता म्या काय बघायला न्हाय गेले."

हे सांगताना शिवलीलानं ज्वारी निवडायचं थांबवलं नाही. धुरपदाबाई तिच्या दारातच उभ्या होत्या. गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्या नऊ वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या. गुरुवारी आपल्या खिचडीत साप निघाला, हे त्यांना आज शनिवारी दुपारी समजत होतं.

"आनि पोरं?"

"पाच पोरांला उलट्या. धाराशिवला नेली म्हणं."

"कुनाची पोरं?"

"आता नावं कशी ठावं असतील मला?"

"तुझा उत्कर्ष तिसरीत हाय. त्यानं खाल्ली का?"

"खाल्ली की. दोनदा घेतली म्हणला."

"मग उलटी?"

"न्हाय. पर त्याचं पोट बापावर गेलंय."

शुक्रवारी सोळा पोरं घरून डबे घेऊन आली होती. सोमवारी दहाला शाळा समितीची बैठक होती आणि तिच्यात एकच विषय होता, धुरपदाबाईंना ठेवायचं की दुसरी बाई बघायची.

"तुला कुनी सांगिटलं?"

"गिरणीत ज्ञानोबामामा म्हणत व्हते. बसा की, च्या टाकते."

"नगं," म्हणेपर्यंत धुरपदाबाई रस्त्याला लागल्या होत्या.

गिरणी चालू असली की ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे कानात सांगायच्या गोष्टीही ज्ञानोबा ओरडूनच सांगायचा. धुरपदाबाईंना बघून त्यानं पहिल्यांदा गिरणी बंद केली. दळणाला थांबलेल्या चार बायका जरा पुढं सरकल्या.

"साप? कोन म्हणतं साप? म्या पाल म्हणलो. दोन पाली."

"दोन?"

"एकच म्हणलो असंन. गिऱ्हाईक लई व्हतं."

"आनि उलट्या?"

"एका पोराला मळमळलं, एवढंच. ते म्हणणं बी माझं न्हाय, अध्यक्षांचं. बलभीमरावांनी सांगिटलं."

समितीचे अध्यक्ष बलभीमराव अंगणात ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी आवळत होते. ते बाहेर आले नाहीत. धुरपदाबाई त्यांच्या पायांशी बोलल्या.

"मळमळलं-बिळमळलं म्या न्हाय म्हणलो," पाय म्हणाले. "पाल पडली, एवढंच म्हणलो. मावशी, माझा तुमच्यावर राग न्हाय. पर उद्या काय झालं तर पेपरात अध्यक्ष म्हणून माझंच नाव यायचं."

"पाल बघितली कुनी?"

"सरांनी. त्यांनीच सांगिटलं, विश्वासात घेऊन."

तीन ठिकाणं मागं चालल्यावर सापाची पाल झाली होती आणि पाचही पोरं ठणठणीत बरी झाली होती. असंच आणखी चालत राहिलं तर पालही जिवंत निघाली असती.

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सर तुळजापूरहून जाऊन-येऊन करत. शनिवारची अर्धी शाळा आटोपून ते फाट्यावर एसटीची वाट बघत होते. धुरपदाबाईंना धाप लागली होती, तरी त्या बाकावर टेकल्या नाहीत.

"सर, तुमी पाल बघितली?"

"मी? छे. मावशी, तुम्हीच तर मला सांगितलंत."

ते खरं होतं. गुरुवारी धुरपदाबाई पाणी आणायला गेल्या, परत आल्या तर पातेल्यावरचं झाकण सरकलेलं. वर आढ्याला पाल. ती आत पडून वर गेली, की आत गेलीच नाही, की ही दुसरीच, हे समजायला मार्ग नव्हता. त्यांनी शंभर पोरांचं पातेलं शाळेमागच्या खड्ड्यात ओतलं, पुन्हा चूल लावली आणि उशीर का होणार ते जाऊन सरांना सांगितलं. पोरं अडीचला जेवली. आता माग काढत काढत त्या आपल्याच तोंडाशी येऊन पोचल्या होत्या.

"मावशी," सर हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी सांगायचं, सरपण ओलं होतं म्हणून उशीर झाला. पालीचं नावच काढायचं नाही. अध्यक्षांना मी सांगेन, माझाच ऐकण्यात घोळ झाला."

"का?"

सरांनी एसटी येते का बघितलं. ती येत नव्हती, म्हणून त्यांना सांगावं लागलं. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चवीच्या नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. सरांना आम्लपित्त. ते सोमवारीच आठवडाभराचं ‘चव उत्तम’ लिहून मोकळे होत. त्यामुळे खड्ड्यात गेलेली खिचडीही कागदावर उत्तम होती.

"तुमचंही काम राहील, माझंही निभावेल."

"आनि फुडच्या खेपंला खरंच पडली तर म्या काय म्हणू? सरपण वलं व्हतं?"

एसटी आली. सर खिडकीपाशी बसले आणि दुसरीकडे बघत राहिले.

रविवारी धुरपदाबाईंनी घर तीनदा झाडलं.

सोमवारी वर्गातल्या सतरंजीवर नेहमीपेक्षा तिप्पट माणसं आली होती. बलभीमरावांनी विचारायच्या आतच धुरपदाबाई उठल्या.

"झाकण सरकलं व्हतं. वर पाल व्हती. आत पडली का न्हाय मला ठावं न्हाय, म्हणून आख्खं पातेलं ओतलं, दुसरं शिजवलं. ह्याच्याउप्पर कुनी काय ऐकलं आसंल तर ते म्या शिजवलेलं न्हाय."

मागं कुणीतरी हसलं. ज्ञानोबा पायाचा अंगठा बघू लागला. बलभीमरावांनी नोंदवही उघडली.

"पर हितं गुरुवारी दुपारी बाराला चव उत्तम हाय. तवा तर खिचडी खड्ड्यात व्हती."

"मग सरांनी खड्ड्यात जाऊन खाल्ली का काय?" शिवलीला म्हणाली.

सगळे धुरपदाबाईंकडं बघू लागले. सोमवार, सह्या, आम्लपित्त, त्यांना सगळं माहीत होतं. दोन वाक्यांत गावाचं तोंड त्यांच्यावरून सरांकडं फिरलं असतं.

"सर हितंच बसल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांना इचारा. दुसऱ्याचं म्या सांगत न्हाय."

मग सर उभे राहिले.

"मी चाखत नाही," ते म्हणाले. "कधीच चाखली नाही."

"मग आता चाखा," धुरपदाबाई म्हणाल्या. "आनि रोज एक आई बी येऊ द्या चाखायला. जिनं जास्त ऐकलंय तिनं आधी यावं."

शिवलीलाला चारपाच जणींनी मागून ढकललं. ठराव झाला: रोज एका पालकानं चाखायचं, आणि धुरपदाबाईंचं काम महिनाभर बघायचं, मग ठरवायचं. नऊ वर्षांनंतर महिनाभर. धुरपदाबाईंनी ठरावावर अंगठा केला आणि तांदूळ धुवायला गेल्या.

बारा वाजता सर आणि शिवलीला दोन वाट्या घेऊन पातेल्यापाशी उभे राहिले. धुरपदाबाई हात पुसत बाजूला झाल्या. शिवलीलानं एक घास खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला ती बोलली.

"मीठ कमी हाय, मावशी."

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या. "आज हात आवरला."

सरांनी आपला घास गिळून लिहिलं, ‘मीठ कमी’. सही केली.

पोरांच्या ओळी बसल्या. डबेवाल्या सोळांपैकी अकरा जणांनी ताटली पुढं केली, उत्कर्षनं दोनदा. पातेलं तळाला गेलं. रोज तळाशी धुरपदाबाईंपुरती राहायची, ती आज राहिली नाही. त्यांनी पातेलं नळाखाली नेलं, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि राखेची मूठ भरून घासायला बसल्या.